दुखऱ्या दाढेची एकासणी



आजचा लेख लिहायला मला जवळजवळ वर्ष लागलं. विषय दाढेचा आहे, पण सुरुवात पर्युषणापासून करावी लागेल.

गेल्या पर्युषणात मी आठ एकासणी केली. स्थानकात रोज कुणी ना कुणी सुखसाता विचारायचं. "घरचं सगळं सांभाळून आठही दिवस! अनुमोदना हो तुमची," असं तुमच्यापैकीच कितीजणी म्हणाल्या. शेवटी तपस्वींबरोबर मलाही पुढे बोलावलं, बहुमान केला, हातात स्टीलचा छान डबा दिला. मी हात जोडले आणि डबा घरी आणून कपाटात मागे ठेवून दिला. वापरात काढला नाही.

कारण खरं असं होतं की माझी डावीकडची खालची दाढ तुटली होती. दिवसातून तीनदा चावणं होत नव्हतं. एकदा जेवलं की एकदाच दुखायचं. मी पच्चक्खाण घेत होते, उकळलेलं पाणीही सूर्यास्ताच्या आतच पीत होते, बाहेरून सगळं नियमात होतं. आत मात्र दुखणं होतं आणि त्याला मी तपाचं नाव दिलं होतं.

त्या दाढेत लग्नाआधी, नगरला माहेरी असताना, चांदी भरली होती. पंचवीस वर्षं तिने काही त्रास दिला नाही. गेल्या श्रावणात सकाळी खाखरा खाताना कट्ट असा आवाज आला आणि दाढेचा एक कोपरा जिभेवर आला. मी तो कागदात गुंडाळून ठेवला. का ठेवला, ते मलाही माहीत नाही. त्यानंतर गरम लागलं की कळ, गार लागलं की कळ.

मग डॉक्टरकडे का नाही गेले? त्याच महिन्यात बाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. (आम्ही सासूबाईंना बाई म्हणतो.) लेकीची कॉलेजची फी भरायची होती. आमच्या ह्यांची यार्नची दलाली, आणि भिवंडीत लूम बंद पडायला लागले की दलाली कशी होते ते इथल्या बायकांना सांगायला नको. दिवसभर खटखट ऐकून कान किटतात, पण ती खटखट थांबली की जीव जास्त घाबरतो. अशा वेळी स्वतःच्या दाढेचा खर्च काढायचा कसा? उजवी बाजू आहे ना, तिकडून चावू, असं म्हणून मी गप्प बसले.

बाईंनी पकडलं. संवत्सरी होऊन चार-पाच दिवस झाले होते. आम्ही दोघी जेवत होतो. त्या म्हणाल्या, "अगं, तू पोळी आमटीत बुडवून गिळतेस. मी कवळीवाली, मी गिळते ते ठीक आहे. तुला काय झालं?"

मी उडवून लावलं. त्या काही बोलल्या नाहीत. ताट बाजूला केलं, कवळी काढून वाटीत ठेवली आणि म्हणाल्या, "माझे सगळे दात पन्नाशीच्या आत गेले. दुखला की काढ, दुखला की काढ. त्या काळात कुणी वाचवायचं बोललंच नाही, आणि मी विचारलंही नाही. चावता यायचं नाही म्हणून कमी जेवायचे. लोक म्हणायचे, बाईंची ऊणोदरी किती पक्की! मीही तेच म्हणायचे. कवळी बसली आणि मी दोन पोळ्या जास्त खायला लागले, तेव्हा समजलं ऊणोदरी कसली होती ती."

एवढं बोलून त्या हसल्या. मला मात्र रडू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षाने धामणकर नाक्याकडच्या एका डॉक्टरताईंकडे गेलो.

त्यांनी एक्स-रे काढला, आरसा हातात देऊन मलाच दाढ दाखवली. काळपट चांदी, तिच्या कडेने चीर आणि एका बाजूची भिंत गायब. मी म्हटलं, "चांदी खराब निघाली का?" त्या म्हणाल्या, "नाही, तिने तिचं आयुष्य चांगलं काढलं." मग त्यांनी जे समजावलं ते मी तुमच्यासाठी माझ्या शब्दांत लिहिते.

आपण चांदी म्हणतो, पण ती निव्वळ चांदी नसते. चांदी, कथील आणि तांबं यांची पूड पाऱ्यात कालवून तो लगदा तयार होतो. वजनाने जवळजवळ निम्मा पाराच असतो. हा लगदा स्वस्त, टिकाऊ आणि ओल्या तोंडातही घट्ट होणारा, म्हणून दीडशेहून जास्त वर्षं जगभर चालला. पण तो दाताला चिकटत नाही. नुसता अडकून राहतो. अडकावा म्हणून खड्डा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद कोरावा लागतो, त्यात चांगला दातही थोडा जातो. मोठ्या खड्ड्यात भोवतीच्या भिंती पातळ उरतात. वर्षानुवर्षं चावून चावून एक दिवस भिंत चिरते. माझ्या बाबतीत तो दिवस खाखऱ्याचा होता.

पाऱ्याचं ऐकून मी घाबरले, तुम्हीही घाबराल. म्हणून हेही सांगते. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी मिनामाता करार नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, तो 2017 मध्ये लागू झाला आणि भारतानेही 2018 मध्ये तो मान्य केला. त्यात दातांतली चांदी कमी करत आणण्याचं कलम आहे. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2025 पासून, खास वैद्यकीय गरज सोडली तर, ती भरणं बंदच केलं. पण याचा अर्थ घरी जाऊन तोंडातली सगळी चांदी उकरून काढा असा नाही. अमेरिकेच्या एफडीएने 2020 मध्ये सांगितलं की गरोदर स्त्रिया, बाळाला पाजणाऱ्या आया, लहान मुलं अशांना शक्यतो नवी चांदी भरू नये, पण जुनी चांगली बसलेली असेल तर उगाच काढू नये. काढतानाच पाऱ्याची वाफ जास्त येते. माझी काढायलाच हवी होती, तेव्हा डॉक्टरताईंनी भरपूर पाणी मारत आणि जोराचं सक्शन लावून तुकड्यातुकड्याने काढली.

आता तिच्या जागी काय? तीन रस्ते होते.

पहिला, दाताच्या रंगाचं सिमेंट, म्हणजे कॉम्पोझिट. ते मऊ असताना खड्ड्यात भरतात आणि निळ्या प्रकाशाने कडक करतात. छोट्या खड्ड्याला हेच उत्तम, एका बैठकीत काम, खर्चही कमी. पण कडक होताना ते किंचित आकसतं. खड्डा मोठा असेल तर कडेला बारीक फट राहू शकते आणि त्यातून पुन्हा कीड. माझा तर एक कोपराच गेला होता.

दुसरा, कॅप. त्यासाठी दाढ चारी बाजूंनी घासून बारीक करावी लागते. माझ्या दाढेच्या तीन बाजू चांगल्या होत्या, नसही जिवंत होती. चांगलं घासून टाकायचं माझ्या जिवावर आलं.

तिसरा, पोर्सिलीनचा तुकडा. दाढेचं माप घेऊन लॅबमध्ये अगदी तेवढाच तुकडा घडवतात आणि तो दाताला चिकटवतात. खड्ड्याच्या आत बसतो त्याला इनले म्हणतात, चावण्याचं एखादं टोकही झाकतो त्याला ऑनले. तो बाहेरच भट्टीत पक्का होऊन येतो, त्यामुळे आकसायचं ते चिकटवायच्या पातळ सिमेंटनेच. म्हणून कडा जास्त नीट बसतात. रेडिमेड ब्लाउज आणि मापाचा ब्लाउज यात जो फरक, तोच. मला ऑनले सुचवला.

मी मान हलवणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बेटा, थांब. पोर्सिलीन म्हणजे चायनाच ना? त्यात हाडं असतात."

ज्यांना आमच्या घरची गोष्ट माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. माझ्या लग्नात माहेरहून चहाचा सुंदर सेट आला होता, पांढराशुभ्र, सोनेरी काठाचा. वर्षभर पाहुण्यांना त्यातच चहा दिला. मग बाईंना कळलं की बोन चायना म्हणजे नावाप्रमाणे खरंच हाडं. गुराढोरांची हाडं जाळून केलेली राख मातीत मिसळतात, चांगल्या प्रतीच्या मालात जवळजवळ निम्मी. त्या दिवसापासून सेट माळ्यावर गेला. दुसऱ्याला द्यायचा तर दुसऱ्याच्या घरी तेच जाणार, फोडायचा तर माझ्या आईचा जीव त्यात. तो अजून माळ्यावरच आहे. ज्या कपाला घरात ओठ लावत नाही, तेच तोंडात कायमचं बसवायचं?

मला वाटलं डॉक्टरताई हसतील. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या माहितीप्रमाणे नसतात. पण तुम्ही विचारलंत तर खात्री करून सांगते." त्यांनी लॅबला फोन लावला, कोणत्या जातीचं साहित्य वापरणार ते विचारलं आणि त्यात काय काय असतं ते आमच्यासमोर वाचून दाखवलं.

उत्तर असं. दातांचं पोर्सिलीन आणि बोन चायना या दोन वेगळ्या वस्तू आहेत. दातांच्या पोर्सिलीनमध्ये मुख्य असतो फेल्डस्पार नावाचा खनिज दगड, मग क्वार्ट्झ म्हणजे आपली गारगोटी, आणि असली तर थोडीशी चिनी माती. रंगासाठी धातूंचे क्षार. हाड नाही. माझ्यासाठी जो तुकडा सांगितला होता तो त्याहून मजबूत, लिथियम आणि सिलिका यांच्यापासून केलेल्या काचेच्या जातीचा, लिथियम डायसिलिकेट म्हणतात त्याला. त्यातही हाड नाही. आणि हे सगळं आठशे-नऊशे अंश सेल्सियसच्या भट्टीतून निघतं.

बाईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "म्हणजे दगड-मातीच ना? अग्नीतून निघालेली? मग अचित्तच की." त्यांच्यापुरता प्रश्न मिटला.

माझी उत्सुकता मात्र वाढली. घरी येऊन लेकीला घेऊन वाचत बसले. जे समजलं त्याने मी थक्क झाले. पूर्वी युरोपात नकली दात हस्तिदंताचे, पाणघोड्याच्या दातांचे करायचे. माणसांचे काढलेले दातसुद्धा बसवायचे, 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईतल्या मेलेल्या सैनिकांचेही. पॅरिसजवळ अलेक्सी द्युशातो नावाचे एक औषधविक्रेते होते. त्यांच्या हस्तिदंती कवळीला औषधांचा डाग आणि वास लागायचा. कंटाळून 1774 च्या सुमारास त्यांनी पोर्सिलीनच्या कारखान्यातून कवळी करवून घेतली. तिथून तोंडात माती आली. गंमत बघा, त्याच काळाच्या आसपास इंग्लंडमध्ये चहाच्या कपांच्या मातीत हाडांची राख पडत होती, आणि फ्रान्समध्ये तोंडातून जनावरांचे दात जाऊन माती येत होती. बाईंना हे वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "त्याने स्वतःच्या वासासाठी केलं असेल, पण हत्ती वाचला ना!"

दाढेत बसणारा मापाचा तुकडाही नवा नाही. अमेरिकेत डेट्रॉईटचे डॉ. चार्ल्स लँड 1880 च्या दशकात प्लॅटिनमचा पातळ पत्रा खड्ड्यात दाबून त्याचा साचा करत, त्यात पोर्सिलीन भरत आणि भट्टीत भाजत. अडचण होती ती चिकटवण्याची आणि तुकडा मोडण्याची. ती पुढच्या शंभर वर्षांत हळूहळू सुटली. 1985 मध्ये झुरिक विद्यापीठात कॅमेऱ्याने माप घेऊन, यंत्राने कोरून, त्याच बैठकीत सिरॅमिकचा तुकडा बसवला गेला. आता आपल्याकडेही काही दवाखान्यांत अशी यंत्रं आहेत. माझं काम जुन्या पद्धतीने, लॅबमधून झालं.

आता प्रत्यक्ष काय झालं ते, कारण आपल्या नियमांच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखं आहे.

पहिली बैठक मला संध्याकाळी सहाची मिळत होती. मी घेतली नाही. भुलीच्या इंजेक्शनने गाल-जीभ दोन-तीन तास बधिर राहते, तेवढ्यात काही खाल्लं तर जीभ किंवा गाल चावला जातो आणि समजतही नाही. चौविहार करणारीने संध्याकाळी भूल घेतली तर सूर्यास्तापर्यंत जेवण होणार कसं? म्हणून सकाळी दहाची वेळ मागा. एकला मोकळं होता येतं, चारपर्यंत नीट जेवता येतं. उपवासाच्या दिवशी तर वेळ घेऊच नका, तिथे पुन्हा पुन्हा चूळ भरावी लागते.

त्या दिवशी चांदी काढली, कीड साफ केली, रबरासारख्या लगद्याने माप घेतलं, शेजारच्या दाताशी रंग जुळवला आणि तात्पुरतं भरून दिलं. त्या आठवड्यात चिकट काही खायचं नव्हतं, म्हणून चिक्की, राजगिरा वडी बंद. दुसऱ्या बैठकीत दाढेभोवती रबराचा पडदा लावला, कारण चिकटवताना दात कोरडाच हवा, थुंकीचा थेंबही चालत नाही. तुकड्याची आतली बाजू आम्लाने खरखरीत केलेली असते, तिला सिमेंट घट्ट धरतं. मग चावून बघ, घास, पुन्हा चावून बघ. पाऊण-एक तास तोंड उघडं ठेवून जबडा दुखला, तेवढंच.

खर्च साडेआठ हजार. साध्या फिलिंगच्या कित्येक पट आहे हे खरं. ह्यांनी एका शब्दाने काही विचारलं नाही. उलट म्हणाले, "दोन महिने दुखत होतं तर सांगायचं तरी." मी जे वाचवत होते ते कुणी मागितलंच नव्हतं.

तुम्ही सगळ्यांनी पोर्सिलीनच बसवा असं मी म्हणत नाही. छोटी कीड असेल तर साधं दाताच्या रंगाचं फिलिंग पुष्कळ झालं. दाढ फारच पोकळ असेल किंवा रूट कॅनल झालं असेल तर कॅपच लागू शकते. झोपेत दात खाणाऱ्यांच्या तोंडात पोर्सिलीन मोडू शकतं, त्यांनी आधी डॉक्टरांना तसं सांगावं. बसवल्यावरही कडेने कीड लागू शकते, म्हणून ब्रश आणि धाग्याने सफाई चुकवायची नाही. आणि मुखवासात सुपारी खाणाऱ्यांनो, अख्खी सुपारी फोडणं बंद. पैसे जास्त वाटत असतील तर मुंबईत सीएसएमटीजवळ सरकारी दंत महाविद्यालय आहे, मुंबई सेंट्रलला नायरचं दंत महाविद्यालय आहे. तिथे वेळ जातो, पण सल्ला नीट मिळतो.

बाईंचा प्रश्न मात्र प्रत्येकीने विचारावा. पोर्सिलीनमध्ये हाड नव्हतं, पण दातांच्या इतर कामांत असू शकतं. इम्प्लांटच्या वेळी जबड्याचं हाड कमी असेल तर जी पावडर भरतात ती पुष्कळदा गाईगुरांच्या हाडांपासून केलेली असते. कृत्रिमही मिळते. दात काढल्यावर रक्त थांबवायला जो स्पंज ठेवतात तो जिलेटिनचा असू शकतो. औषधांच्या कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचंच, त्याऐवजी गोळी मागता येते. विचारायला लाजू नका. आपण न विचारता घाबरतो आणि उपचारच टाळतो, ते जास्त वाईट.

राहिलं माझं मनातलं. चातुर्मास संपण्याआधी मी साध्वीजींकडे आलोयणा घ्यायला गेले. सगळं सांगितलं, खाखऱ्यापासून डब्यापर्यंत. मला वाटलं त्या दाढेवरून रागावतील. त्यांनी विचारलं, "लोक अनुमोदना करत होते तेव्हा तुला कसं वाटत होतं?" मी खरं सांगितलं, बरं वाटत होतं. त्या म्हणाल्या, दुखतं म्हणून एकदाच जेवलीस यात काही मोठा दोष नाही, देहाचा तो नाइलाज होता. पण आत एक आणि बाहेर एक ठेवलंस, ती माया. मायेला शल्य म्हणतात, रुतलेला काटा. काटा आत ठेवून व्रत होत नाही.

मी खाली मान घालून ऐकलं. जिभेने दाढ चाचपत होते. तिथे आता काही रुतत नव्हतं.

प्रायश्चित्त काय मिळालं ते सांगायचं नसतं. हा लेख त्यातला नाही, तो मी माझ्या मनाने लिहिला. ज्या ज्या ताई-काकूंनी गेल्या वर्षी माझी अनुमोदना केली, त्यांच्यापाशी हे बोलणं बाकी होतं. मिच्छामि दुक्कडम.

पर्युषण पुन्हा जवळ आलंय. यंदा किती होईल ते बघू, जेवढं होईल तेवढ्याचंच पच्चक्खाण घेईन. तो स्टीलचा डबा काल कपाटातून काढून धुतला आणि त्यात मेथीचे खाखरे भरले. बाईंनी पहिला उचलला, कवळी सांभाळत, कडेकडेने कुरतडत. मी डावीकडून चावला.